नागपूर-मुंबई विमानप्रवास: तिकिटावरचा दीड तास

तिकिटावर दीड तास छापलेला असतो आणि घरचे तेवढंच वाचतात. साडेआठचं विमान, म्हणजे दहाला मुंबई, अकराला दादर. भाचीच्या साखरपुड्याचं हे गणित ताईने परस्पर मांडून टाकलं होतं.

दोन शहरांतलं हवाई अंतर 700 किलोमीटरच्या आतच आहे. वर गेल्यावर विमान ताशी 800 च्या आसपास पळतं, म्हणजे नुसतं अंतर तासाभराचंही नाही. सोनेगावला, म्हणजे नागपूरच्या विमानतळावर, तपासणी पटकन झाली, विमान वेळेत सुटलं.

घोळ पुढे झाला. विमान खाली यायला लागलं, कानांना दडे बसले, आणि एकदम एका बाजूला कललं. सरळ झालं, परत कललं. खिडकीत पुन्हा तोच तलाव, तोच डोंगर. शेजारचे काका नेहमीचे प्रवासी. म्हणाले, "रांग आहे भाऊ." मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरतात. उतरणारी, उडणारी सगळी विमानं तिच्यावरच. गाडी आउटरला थांबवतात तसंच हे, फक्त विमानाला उभं राहता येत नाही, म्हणून घिरट्या.

बरं, उतरलो तर विमान लावायला जागा रिकामी नाही! हे मात्र मला सहन होईना. मुंबईच्या जमिनीवर आहोत, फोनला रेंज आहे, ताईचे फोनवर फोन येतायत आणि दार बंद. अर्धं विमान बॅगा काढून मान वाकडी करून उभं. विमान कंपनीची घोषणा एकच, "थोड्याच वेळात". कारण सांगायला काय जातं? मग शिडी, बस, सामानाचा पट्टा. मी पोचलो तेव्हा अंगठ्या घालून झाल्या होत्या आणि पंगत बसली होती.

तो दीड तास असतो विमान नागपुरात जागेवरून हलल्यापासून मुंबईत जागेवर लागेपर्यंतचा. सामान द्यायचं असेल तर काउंटर बहुधा तासभर आधी बंद होतो, म्हणून दोन तास आधी पोचा. घर ते दादर सहा तास धरा. समृद्धी महामार्ग 701 किलोमीटरचा, गाडीने आठ-नऊ तास, म्हणजे फरक फार नाही. विमानच हवं तर सकाळचं पहिलं घ्या, कारण दिवसभराचा उशीर पुढच्या फेऱ्यांवर साचत जातो. हिवाळ्यात मुंबईकडे येताना वारा समोरून असतो, परतीला थोडा वेळ वाचतो.

हो, आणि 25 डिसेंबर 2025 पासून नवी मुंबईचा विमानतळही सुरू झालाय. तिकिटावर कुठला आहे ते आधी बघा. सहारला, म्हणजे मुंबईच्या जुन्या विमानतळावर उतरलात तर टॅक्सीच्या रांगेत न लागता भुयारी मेट्रोने थेट दादर गाठा. आणि कार्य सकाळचं असेल तर आदल्या रात्रीची दुरांतो धरा. आमचे थोरले जावई तिनेच आले होते, हे ताई अजून ऐकवते.