एकतीस हजार आणि चार लाख अडतीस हजार

इंदूरला देवास नाक्याजवळ माझं गॅरेज आहे. बावीस वर्षं झाली. डिसेंबर 2024 मधल्या एका शनिवारी तिथे एकाच मॉडेलच्या दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या होत्या. दोन्ही 2016 च्या, दोन्ही डिझेल, दोन्ही पांढऱ्या. एकीच्या मीटरवर 31,000 किलोमीटर, दुसरीच्या 4,38,000.

दुसरी टॅक्सी. चालवणारा बुऱ्हाणपूरचा, उज्जैन, ओंकारेश्वर, शिर्डी अशा फेऱ्या करणारा. आदल्या दिवशी मानपूरच्या घाटात तिचा कूलंटचा होज, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची नळी, फुटला. तापमानाचा काटा वर चढताना दिसताच त्याने गाडी कडेला घेऊन बंद केली, प्रवाशांना दुसऱ्या गाडीत बसवून दिलं आणि टो करून माझ्याकडे आणली. "दोन किलोमीटरवर ढाबा होता भाऊ, पण नाही गेलो." त्या दोन किलोमीटरांत हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, वाकलं असतं. त्याखालच्या सांध्यातल्या पातळ गॅस्केटवर निभावलं. हेड उतरवून मी बाकावर ठेवलं होतं.

पहिली गाडी रामबागेतल्या काकांची. माझ्या वडिलांचे जुने स्नेही, निवृत्तीच्या पैशातून घेतलेली पहिली आणि एकुलती गाडी. डोळ्यांना आता रात्रीचं नीट दिसत नाही म्हणून विकायला काढली होती. घेणारा मुलगा पिथमपूरच्या कारखान्यात नोकरीला, नुकतंच लग्न झालेला. टोकन देऊन झालं होतं. "फक्त एकदा नजर टाका दादा, गाडी तर नवीच आहे," तो म्हणाला. काकाही सोबत आले होते.

गाडी खरंच नवी दिसत होती. मागच्या सीटवरचं प्लॅस्टिकसुद्धा निघालेलं नव्हतं. मीटर मागे फिरवलेलं असलं की मी आधी पेडलचं रबर बघतो. इथे त्याच्या कडा टोकदार होत्या. आकडा खरा होता. मग तेलाचं झाकण उघडलं. आतल्या बाजूला चॉकलेटी मलाई जमलेली होती.

मी गाडी वीस मिनिटं बायपासवर फिरवून आणली. गरम झालेलं इंजिन दारात आयडलवर सोडलं, तेव्हा ऑइलचा लाल दिवा एकदा लुकलुकला, म्हणजे तेलाचा दाब कमी पडत होता. लगेच किल्ली फिरवून बंद केलं.

काकांनी सर्व्हिसची पुस्तिका जपून ठेवली होती. आठ वर्षांत तेल बदललं होतं तीन वेळा. दर 10,000 किलोमीटरला एकदा, अगदी नियमाने. त्याच ओळीत पुढे छापलेलं होतं, 'किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते'. तेवढं राहून गेलं होतं.

हे नीट सांगतो, कारण इथेच पुष्कळ लोक फसतात. एक लिटर डिझेल जळलं की जवळपास एक लिटर पाणी तयार होतं, वाफेच्या रूपात. बहुतेक सायलेन्सरमधून निघून जातं. थोडं पिस्टनच्या रिंगांजवळून खाली तेलात उतरतं. त्याच्याबरोबर काजळी आणि न जळलेलं डिझेलही. लांब पल्ल्यात तेल चांगलं तापतं आणि पाणी उडून जातं. काकांची गाडी घर, भाजी, देऊळ, घर अशी फिरली. काटा मध्यावर येईपर्यंत फेरी संपायची, आणि कूलंटपेक्षा तेलाला तापायला जास्तच वेळ लागतो. आठ वर्षं ते पाणी आतच राहिलं.

दोघांना विचारून चेंबर, म्हणजे इंजिनाखालचं तेलाचं भांडं, उतरवला. तळाशी बोटभर काळा गाळ. स्ट्रेनरची जाळी निम्म्याहून अधिक बुजलेली, म्हणजे पंप तेल ओढणार कुठून? एका कनेक्टिंग रॉडची कॅप काढली. आतल्या शेलवरचा, म्हणजे पातळ बेअरिंगवरचा, पांढरा थर घासून तांबं दिसत होतं.

काका बराच वेळ त्या शेलकडे बघत राहिले. "अरे, मी हिला जपली रे. पावसात बाहेर काढली नाही."

मी त्यांना टॅक्सीपाशी नेलं. टॉर्च मारून बोअर, म्हणजे पिस्टन जिथे वरखाली होतो ती नळी, दाखवला. कारखान्यात होनिंग करताना, म्हणजे बोअर घासून तयार करताना, पडलेल्या तिरक्या रेघा अजून दिसत होत्या. ड्रायव्हरच्या डायरीत तेल बदलल्याच्या 43 नोंदी. मग जॉबकार्डाच्या मागे हिशेब मांडला. काकांची फेरी सरासरी तीन किलोमीटरची धरली, तर इंजिन दहा हजारांहून जास्त वेळा सुरू झालं. टॅक्सीची फेरी शंभराची धरली, तर साडेचार हजार वेळाही नाही. रात्रभर उभ्या गाडीत तेल खाली उतरलेलं असतं. सुरू होतानाचे ते पहिले काही क्षण इंजिनाला सगळ्यात जड जातात.

अमेरिकेत अर्व्ह गॉर्डन नावाचे विज्ञानाचे शिक्षक होते. त्यांनी 1966 ची व्होल्वो पी1800 एकट्याने चालवून 2013 मध्ये 30 लाख मैल पूर्ण केले. शाळेत जाण्यायेण्याचा त्यांचा रोजचा रस्ताच दोनशे किलोमीटरचा. त्या दिवशी काकांना मी हे सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, "आणि माझं देऊळ दीड किलोमीटरवर."

टॅक्सी नवी होती असं मी मुळीच म्हणत नाही. तिचा तिसरा क्लच चालू होता, खालचे बुश संपलेले, नोझल एकदा बदललेले, दुसरा गिअर कुरकुरत पडायचा. पण ही सगळी कामं बाहेरून होतात आणि खर्च आधी सांगता येतो.

त्या मुलाला काय सांगायचं, याचा मला पेच पडला होता. तो सोडवला काकांनी. त्यांनी खिशातून टोकनचं पाकीट काढलं आणि मुलाच्या हातात ठेवलं. "बाळ, ही गाडी घेऊ नकोस. मला ठाऊक नव्हतं, पण आता ठाऊक झालंय." मुलगा त्यांच्या पाया पडला. मी हात पुसायच्या निमित्ताने आत गेलो.

काकांनी मग काम करायचं ठरवलं: क्रँक ग्राइंड, अंडरसाइज शेल, नवा ऑइल पंप, सगळे मार्ग धुऊन साफ. दहा दिवस लागले. गाडी न्यायला ते आले तेव्हा टॅक्सीवालाही होजचा क्लिप दाखवायला आलेला होता. मधल्या काळात त्याच्या शिर्डीच्या दोन फेऱ्या झाल्या होत्या.

"मी हायवेवर कधी चालवलेलीच नाही हो," काका त्याला म्हणाले. "तुमच्या मागे मागे येऊ का?"

"चला काका. देवासपर्यंत जाऊन येऊ. साठच्या वर नाही जात मी."

सकाळचे दहा वाजले होते, ऊन स्वच्छ होतं. दोन्ही पांढऱ्या गाड्या नाक्यावरून देवासकडे निघाल्या. पस्तीसेक किलोमीटर आहे. तेल तापायला तेवढं पुरतं.