‘सर, हे थांबवू या’ म्हणण्याची तयारी

आयसीयूतल्या नर्सला रात्री सव्वाअकराला डॉक्टरची तोंडी ऑर्डर येते: केसीएलचे (पोटॅशियम क्लोराइडचे) दोन अँप्यूल ५०० मिली नॉर्मल सलाइनमध्ये टाका, दोन तासांत सोडा. रुग्णाचं पोटॅशियम ३.२, म्हणजे कमी; क्रिएटिनिन २.८, म्हणजे मूत्रपिंड नीट काम करत नाही; गेल्या दोन तासांत लघवी २५ मिली. लाइन एकच, हाताच्या मागच्या शिरेत. अशा वेळी नैतिक धैर्य हा शब्द कुणाला आठवत नाही. आठवावा लागतो तो हिशोब.

आपल्याकडे मिळणारं केसीएल बहुधा १५ टक्क्यांचं असतं. १० मिलीच्या एका अँप्यूलमध्ये दीड ग्रॅम, म्हणजे २० एमईक्यू पोटॅशियम (एमईक्यू हे त्याचं मोजमाप). दोन अँप्यूल ५०० मिलीत म्हणजे लिटरला सुमारे ८०, आणि दोन तासांत सोडलं तर तासाला २०. हाताच्या शिरेतून देताना साधारण पाळली जाणारी मर्यादा आहे लिटरला ४० आणि तासाला १०. तासाला २० द्यायचेच असतील तर सेंट्रल लाइन, म्हणजे मोठ्या शिरेत घातलेली नळी हवी आणि ईसीजी सतत मॉनिटरवर हवा. शिवाय इथे मूत्रपिंड पोटॅशियम बाहेर टाकत नाहीये, ते रक्तात साठणार. आधी शिरेची आग होईल, नंतर ईसीजीतल्या टी वेव्ह नावाच्या लहरी टोकदार होतील, आणि त्यापुढे हृदय केव्हा थांबेल ते सांगता येत नाही.

हा हिशोब जिला अर्ध्या मिनिटात करता येतो तिचा आवाज कापत नाही. माझं ठाम मत आहे की नर्सिंगमधलं धैर्य हा स्वभाव नसतो, ती तयारी असते. शांत, लाजऱ्या मुलीही उत्तम बोलतात, हातात आकडा आणि तोंडात ठरलेलं वाक्य असेल तर.

वाक्य कोणत्या भाषेत? तुम्ही इंदूरला काम करत असाल, तर तिथल्या वॉर्डात कामकाज हिंदीतच चालतं, तेव्हा ते हिंदीतच घोटून ठेवा. ‘सर, ये घंटे का बीस एमईक्यू होता है, परिफेरल लाइन से. क्रिएटिनिन २.८ है, यूरिन दो घंटे में २५ एमएल है. ये सेफ नहीं है. केसीएल रोककर पहले पोटैशियम रिपीट कर लें, और आप एक बार पेशंट देख लें?’ यात चार भाग आहेत: काय घडतंय, आधीची पार्श्वभूमी, माझा अंदाज, माझी मागणी. यालाच एसबार (SBAR, या चार भागांच्या इंग्रजी नावांची आद्याक्षरं) म्हणतात. ही पद्धत अमेरिकन नौदलाच्या पाणबुड्यांतून रुग्णालयांत आली. पहिले दोन भाग सगळ्याच जणी नीट सांगतात. गळतो तो चौथा. मागणी न करता फोन ठेवला की पलीकडच्या थकलेल्या डॉक्टरला वाटतं, बरं, माहिती मिळाली. आणि माहिती मिळाली की काम झालं असं दोघांनाही वाटतं.

त्याहून वाईट सवय म्हणजे आडून सुचवणं. ‘सर, लघवी जरा कमीच आहे ना?’ हा प्रश्न नाही, इशाराही नाही. बोलणारीला वाटतं मी सांगितलं, ऐकणाऱ्याला वाटतं ती सहज म्हणाली. ‘जरा’, ‘थोडं’, ‘वाटतंय’ हे शब्द फोनवर वापरूच नका. आकडा, वेळ, मागणी, बस.

एकदा सांगून ऐकलं नाही तर दुसऱ्यांदा, वेगळ्या शब्दांत, पण तितकंच स्पष्ट सांगायचं. दुसऱ्यांदाही नाही, तर ते औषध हातातून खाली ठेवायचं आणि वरच्या पायरीला फोन करायचा: सीनियर रेसिडेंट, मग ऑन कॉल कन्सल्टंट, सोबत नर्सिंग सुपरिंटेंडेंट. किती वेळ थांबायचं हे त्या रात्री ठरवायचं नसतं, आधी कागदावर ठरलेलं असावं. न्यूज-२ स्कोअर, म्हणजे रुग्ण बिघडत चालल्याची आधीच सूचना देणारी गुणपद्धत, हा त्यासाठी चांगला आधार आहे. श्वासाचा वेग, ऑक्सिजनचं प्रमाण, ऑक्सिजन चालू आहे का, वरचा रक्तदाब, नाडी, शुद्ध आणि ताप यांचे गुण मिळवायचे. बेरीज ५ झाली तर तातडीनं डॉक्टरनं बघायचं, ७ किंवा जास्त झाली तर आपत्कालीन पथक. आकड्यानं बोलावलं की ‘उगाच का उठवलंस’ हा प्रश्न व्यक्तीवर येत नाही. फक्त श्वास खरोखर मोजलेला हवा, पूर्ण मिनिट. चार्टवर सगळ्यांचा श्वास १८ किंवा २० लिहायची खोड ज्या वॉर्डात आहे तिथे हा स्कोअर निरुपयोगी आहे.

नोंद कशी करावी, यावर फार कमी शिकवलं जातं. केसपेपरवर राग लिहायचा नाही, ‘डॉक्टरांनी दुर्लक्ष केले’ असंही नाही. लिहायचं ते असं: २३:१५ तोंडी ऑर्डर मिळाली, परत वाचून दाखवली. २३:१८ क्रिएटिनिन २.८, लघवी दोन तासांत २५ मिली असल्याचे ड्यूटी डॉक्टरांना कळवले, औषध रोखण्याची विनंती केली. २३:२३ पुन्हा कळवले. २३:२६ कन्सल्टंटना फोन. चूक झाली तर एक रेघ मारून सही, खाडाखोड नाही, व्हाइटनर तर नाहीच. मागची वेळ घालून नंतर भरलेली नोंद चौकशीत पहिल्यांदा पकडली जाते. घटनेचा अहवाल वेगळ्या फॉर्मवर जातो, तो केसपेपरला जोडत नाहीत.

क्रिटिकल केअरमधल्या नर्स प्रॅक्टिशनरचं स्थान इथे अवघड आहे. भारतीय नर्सिंग परिषदेचा हा दोन वर्षांचा पदव्युत्तर रेसिडेन्सी अभ्यासक्रम, आणि त्यातला मोठा भाग रुग्णाच्या पलंगाशेजारी. बाहेर पडणारी मुलगी खूप काही जाणते, पण तिचा अधिकार संस्थेनं सही केलेल्या प्रोटोकॉलइतकाच. म्हणून धैर्य दोन दिशांनी लागतं. एक, प्रोटोकॉलमध्ये बसत असेल तेव्हा वाट न बघता सुरू करण्याचं. दुसरं, जास्त कठीण: ‘हे माझ्या कक्षेत नाही’ म्हणण्याचं. रात्री डॉक्टर कमी आहेत, तूच लिही, मी सकाळी सही करतो, हे ऐकायला विश्वासासारखं वाटतं. तो विश्वास नाही. प्रोटोकॉल कागदावर नसेल तर आधी तो करून घ्या: कोणतं औषध, किती मात्रा, कोणत्या आकड्याला सुरू, कोणत्या आकड्याला बंद, कुणाला कळवायचं, तारीख आणि सही.

योग्य काय ते कळतं पण संस्था करू देत नाही, या घुसमटीला अँड्र्यू जेमटन यांनी १९८४ मध्ये ‘मॉरल डिस्ट्रेस’ असं नाव दिलं. नाव माहीत असलेलं बरं. आपण कमकुवत आहोत असं वाटून नोकरी सोडणाऱ्या मुलींना त्यानं थोडा आधार मिळतो.

आता इन्चार्ज ताईंसाठी. तुमच्या वॉर्डात किती जणी बोलतात हे खोट्या गजराच्या वेळी ठरतं. नवी मुलगी घाबरून कन्सल्टंटला उठवते आणि निघतं काय, तर बोटाला लावलेला ऑक्सिजन मोजणारा प्रोब सैल होता. त्या वेळी तुम्ही हसलात किंवा सगळ्यांसमोर टोकलंत, तर ती पुढचे सहा महिने कुणाला उठवणार नाही, आणि तिच्यासोबतच्या चौघीही. ‘बोलावलंस ते बरं केलंस, आता प्रोब कसा तपासायचा ते दाखवते’ एवढं पुरतं. हँडओव्हरला रोज एक प्रश्न विचारा: या पाळीत कशाची धास्ती वाटली? पहिल्या आठवड्यात कुणी उत्तर देणार नाही. विचारत राहा.

काही गोष्टींना धैर्य लागूच नये, अशी व्यवस्था करता येते. केसीएल इतर अँप्यूलच्या ट्रेमध्ये ठेवू नका, वेगळ्या कुलपाच्या डब्यात, लाल लेबल लावून ठेवा आणि काढताना दोघींची सही घ्या. लटकवलेल्या बाटलीत ते कधीच टोचायचं नाही. ते जड असल्यामुळे तळाशी बसतं आणि पहिल्या काही मिनिटांत एकदम शिरेत जातं. आधी खाली उतरवा, मिसळा, दहा वेळा उलटसुलट करा, मग लावा.

आणि जिनं काल रात्री ऑर्डर थांबवली, तिला आज सकाळच्या राउंडला एकटी सोडू नका. तिच्या रुग्णाच्या पलंगापाशी राउंड येईल तेव्हा चार्ट हातात घेऊन तिच्या शेजारी उभ्या राहा.