आमची वाटचाल: पुण्याहून ओकायामाच्या घरांपर्यंत

रांजणगावच्या एका कारखान्यात मी आठ वर्षं जपानी दुभाषी होते. संध्याकाळी घरी शिकवण्या घ्यायचे, बहुतेक आठवी ते दहावीच्या मुलांच्या. मुलं जीव लावून अभ्यास करायची. कांजी म्हणजे चिनी चित्राक्षरं पाठ, व्याकरण पाठ, डिसेंबरच्या जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेत छान मार्क. एकदा कारखान्यातले एक जपानी साहेब सहकुटुंब आमच्याकडे जेवायला आले. माझी सगळ्यात हुशार विद्यार्थिनी तेव्हा घरीच होती. साहेबांच्या पत्नीने तिला सहज विचारलं, "शाळा कशी चाललीय?" पोरीच्या तोंडून शब्द फुटेना. डोळ्यांत पाणी आलं तिच्या. तिची काही चूक नव्हती. जेएलपीटीत वाचन असतं, श्रवण असतं, बोलण्याची परीक्षाच नसते. त्यामुळे आम्ही शिक्षकही बोलणं मागे ठेवतो.

त्या बाई मूळच्या पश्चिम जपानातल्या ओकायामाच्या. निघताना म्हणाल्या, "आमच्या घरी पाठवा हिला. आठ दिवसांत बोलायला लागेल." शाळकरी मुलांना जपानी घरांत राहायला नेण्याच्या आमच्या धंद्याची सुरुवात या एका वाक्यातून झाली. तिकीट-व्हिसाच्या कामात मुरलेली एक मैत्रीण भागीदार झाली आणि मी नोकरी सोडली.

लोक विचारतात, टोकियो सोडून ओकायामा का? ओकायामा आणि पुणे यांचं मैत्र जुनं आहे. सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान म्हणजेच पुणे-ओकायामा मैत्री उद्यान, २००६ साली खुलं झालेलं. ते ज्या कोराकुएन बागेवरून बेतलं, ती १७०० साली पूर्ण झालेली बाग ओकायामाच्या किल्ल्यासमोर आहे. निघण्याआधीची पालकसभा आम्ही सिंहगड रस्त्यावरच्या बागेतच घेतो. मग तीन आठवड्यांनी मुलं मूळ बागेत उभी राहतात आणि "अगं, हा पूल आपल्याकडे आहे!" असं ओरडतात, तेव्हा परदेशाची निम्मी भीती तिथेच सरते.

पहिली सहल ठरली मे २०११ ची. ११ मार्चला भूकंप आणि त्सुनामी आली, पाठोपाठ फुकुशिमाच्या अणुभट्टीची बातमी. फुकुशिमापासून ओकायामा सुमारे सातशे किलोमीटर लांब, हे मी नकाशा घेऊन घरोघर समजावलं. पण आईबापांचा जीव तो, त्यांना कसला नकाशा दाखवणार? सगळ्यांचे पैसे परत केले. ओकायामाच्या बाईंना फोन केला तर त्याच माझी समजूत घालत होत्या. पुढच्या मे महिन्यात नऊ मुलं घेऊन गेलो. त्यांतली पाच मुलं आदल्या वर्षी पैसे परत घेतलेल्या घरांतली होती.

त्या पहिल्या सहलीत माझ्या हातून एक चूक झाली, ती अजून टोचते. एका जैन मुलाच्या अर्जात मी जपानीत एवढंच लिहिलं, 'शाकाहारी'. त्या घरच्या ओकासानने, म्हणजे यजमान आईने, मांस टाळलं, मासा टाळला, मन लावून भाज्या आणि तोफू रांधलं. मात्र जपानी स्वयंपाकात दाशी नावाचं पाणी जवळजवळ सगळ्यात पडतं, आणि ते बहुधा वाळवलेल्या बोनितो माशाच्या किसापासून करतात. मिसो सूपमध्ये दाशी, भाजी शिजवायला दाशी. तिच्या लेखी ते मीठ-मसाल्यासारखं. दुसऱ्या दिवशी ओट्यावरची किसाची पुडी मुलाला दिसली, नावातली कांजी त्याला वाचता आली आणि तो जेवायचाच थांबला. ओकासान रडली, मुलगा रडला, पुण्यात त्याच्या वडिलांना मी फोन केला तेव्हा मीही. ते एक शब्द वाकडा बोलले नाहीत. "आता काय खाईल तेवढं सांगा," म्हणाले. त्या रात्री कोन्बू म्हणजे समुद्री शेवाळाची दाशी करून ओकासानने पुन्हा स्वयंपाक केला. आज आमच्या अर्जाचं आख्खं एक पान जेवणाचं असतं: कोन्बूची दाशी चालेल का, अंडं चालेल का, केकमधलं अंडं चालेल का, कांदा-लसूण चालेल का, सॉसमधला माशाचा अर्क चालेल का. पालक कंटाळतात. भरून घेतल्याशिवाय आम्ही नाव नोंदवत नाही.

एका घरात दोनच मुलं ठेवायची, हेही अनुभवानेच कळलं. एकटं मूल रात्री घराच्या आठवणीने कासावीस होतं. तिघं असली की दिवसभर मराठीच चालते. दोघं ठेवायची, पण शाळेतली जिवलग जोडी नको. आधी थोडं अवघडतात, मग घरच्यांशी बोलण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

आणि मग कानावर काय पडतं? पुस्तकी वाक्यांच्या शेवटी येणारं शिष्ट देस-मास नव्हे. ओकायामाचे आजोबा 'खूप' म्हणायला 'तोतेमो' म्हणत नाहीत, 'बोक्केए' म्हणतात. प्रमाण मराठी शिकून आलेल्या माणसाने कोल्हापुरात उतरावं आणि पहिल्या तासात 'लय भारी' ऐकावं, तसं. मुलांना यातच सगळ्यात जास्त मौज वाटते. परतल्यावर महिनाभर शिकवणीत नुसतं बोक्केए, बोक्केए.

दुसरा शब्द मात्र कुणालाही समजावून सांगावा लागत नाही. सकाळी बाहेर पडताना जपानी माणूस म्हणतो 'इत्ते किमास', म्हणजे 'जाऊन येतो'. घरातून उत्तर येतं 'इत्ते राश्शाइ', 'जाऊन ये'. आपल्याकडेही उंबऱ्यावर 'जाते' म्हटलं की आजी दटावते, 'येते म्हण'. वर्गात हे दोन शब्द मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आले. पण पहिल्या सहलीत ओकायामा स्टेशनवर, लोककथेतल्या मोमोतारोच्या पुतळ्यापाशी निरोप घेताना, नववीतली एक मुलगी 'सायोनारा' म्हणायच्या ऐवजी 'इत्ते किमास' म्हणाली. ओकासानने उत्तर दिलं आणि तिचा हात सोडेना. बस सुटायची वेळ झाली होती, तरी मी मध्ये पडले नाही.

घरांत राहायच्या आधी एक मुक्काम कोयासानला, बौद्ध देवळांच्या डोंगरावर, असतो. इथे जायचं ठरवलं ते जेवणामुळे. देवळातल्या धर्मशाळांत शोजिन र्‍योरी मिळतं: मांस-मासा नाही, कांदा-लसूण नाही, तिळाचं तोफू असतं. मुलांची जीभ तिथे सरावते. पण मुलांना जिंकतं ते ओकुनोइनचं दफनस्थान. उंच सुगी (जपानी सीडर) झाडांखाली दोन लाखांहून जास्त समाध्या. कित्येकींवर पाच दगडांची उतरंड आणि प्रत्येक दगडावर एक अक्षर. ती लिपी सिद्धम्, भारतातून बौद्ध धर्माबरोबर गेलेली. वरून खाली वाचायचं: ख, ह, र, व, अ. आकाश, वायू, अग्नी, जल, पृथ्वी. जपानी वर्णमाला अ-इ-उ-ए-ओ, मग क-स-त-न अशी आपल्या क्रमाने का लागते, याचं मूळही त्याच सिद्धम्‌च्या अभ्यासात आहे. बौद्ध आचार्य कुकाइ यांनी ८१६ मध्ये वसवलेल्या या डोंगरावर, कोयासान विद्यापीठाच्या आवारात, २०१५ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळाही आहे. आमची मुलं तिथे नतमस्तक होतात.

तारखांचं गणित मात्र दरवर्षी डोकं खातं. जपानी शाळा एप्रिलात सुरू होतात, एप्रिलअखेर ते मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत 'गोल्डन वीक'च्या सुट्ट्या, जूनमध्ये तिथला पावसाळा. आमच्या मुलांना सुट्टी एप्रिल-मेची. हाती उरतात ते मेचे मधले दोन आठवडे. तेवढ्यात शाळेतला दिवस बसवायचा, कारण तो वगळून सहल करण्यात मला अर्थ वाटत नाही. घंटा झाली की मुलं स्वतः वर्ग झाडतात, फरशी पुसतात. आमची मुलंही फडकं घेऊन गुडघ्यांवर बसतात, आणि तिथेच त्यांची मैत्री होते.

उलट्या बाजूने जपानी विद्यार्थी सप्टेंबरात पुण्यात येतात, जमलं तर गणपतीत. त्यांना तयार करणं सोपं, आपल्या आयांना अवघड! जपानी मूल ताट स्वच्छ संपवतं, तो त्याचा शिष्टाचार. आपल्याकडे रिकामं ताट दिसलं की वाढायचं, हा आपला. कोथरूडच्या एका घरात एका मुलाने अशा सात पुरणपोळ्या खाल्ल्या आणि रात्रभर तळमळला. तेव्हापासून यजमान आयांच्या बैठकीत मी हात जोडून सांगते, आग्रह एकदाच करायचा.

पैशाचंही सांगायला हवं. परदेशी सहलीवर टीसीएस, म्हणजे पैसे घेतानाच वसूल करायचा कर, लागला तो ऑक्टोबर २०२० पासून. ऑक्टोबर २०२३ मध्ये जपानी रेल्वेचा सात दिवसांचा जेआर पास २९,६५० येनवरून थेट ५०,००० येनवर गेला. आता आम्ही पास घेतच नाही, सुटी तिकिटं काढतो, आणि क्योतोचा एक दिवस कमी केला. घरांतला दिवस कमी केला नाही. काही शाळांनी सुचवलं की होमस्टे काढा, हॉटेल द्या, एका बसमध्ये चाळीस मुलं न्या, स्वस्त पडेल. अशी कामं आम्ही नाकारली, आणि त्यापायी दोन वर्षं घर भागीदाराच्या सोन्यावर चाललं, हेही खरं.

२०२० च्या मार्चमध्ये सगळं थांबलं. एका विमान कंपनीकडे अडकलेले पैसे यायला चौदा महिने लागले. तोवर आम्ही पालकांना आमच्या खिशातून दिले आणि ऑफिसची जागा सोडली. शनिवारी सकाळी दहाला, म्हणजे तिथे दुपारी दीडला, स्क्रीनवर मुलं आणि ओकासान मिळून स्वयंपाक करायची. ऑक्टोबर २०२२ मध्ये जपान पर्यटकांना पुन्हा पूर्ण उघडला. यादी काढली तेव्हा अकरा घरांपैकी पाच उरली होती. दोन आजी गेल्या होत्या, इतर घरांतली माणसं थकली होती. उरलेल्यांनी शेजारी शोधून दिले.

ओकायामाला 'लख्ख उन्हाचा प्रदेश' म्हणतात. सहल पोहोचण्याच्या दोन दिवस आधी त्या पहिल्या बाईंचा न चुकता निरोप येतो. आता त्यांचं जिना चढणं थांबलंय, वरची खोली सून आवरते. यंदाचा निरोप सकाळी साडेसहाला आला, गॅलरीच्या कठड्यावर टाकलेल्या दोन गाद्यांच्या फोटोसकट: "फुतोन उन्हात घातलेत. कोन्बू आणून ठेवलाय. मुलींची नावं कळवा."