आता वन्स मोअर नको

घरात कोणी जरा बरं गाणारं असलं की त्याचं एक गाणं ठरूनच जातं. बारसं असो, केळवण असो, कोजागिरीला गच्चीवर मसाला दूध आटत असो, "अगं ते तुझं म्हण ना" होतंच, आणि ती बिचारी तेच म्हणते, कारण दुसरं काही सुरू केलं तर दुसऱ्या ओळीला लोक मोबाइल काढतात. आमची एक मावशी अशीच. नंतर रीतसर क्लास लावला, ठुमरी शिकली, काय काय केलं, पण आमच्या लेखी ती अजून शाळेच्या गॅदरिंगमधल्या त्या एका भावगीताची मावशी. तिला त्याचा कंटाळा आला असेल का, हा प्रश्न आमच्यापैकी कुणाला पडल्याचं ऐकिवात नाही. मला पडला तो रॉबर्ट प्लांटमुळे, म्हणजे बघा कुठून कुठे.

प्लांट म्हणजे लेड झेपलिन या ब्रिटिश रॉक बँडचा गायक. ज्यांनी नाव ऐकलं नसेल त्यांनीसुद्धा 'स्टेअरवे टू हेवन' नक्की ऐकलंय, कारण गिटार शिकायला घेतलेला प्रत्येक पोरगा ती सुरुवात वाजवून शेजाऱ्यांचं डोकं खातो. १९७१ चं गाणं, आठ मिनिटांचं, बँडने तेव्हा सिंगल म्हणून काढायला नकार दिला होता, तरी अमेरिकेतल्या रेडिओवाल्यांनी ते इतकं वाजवलं इतकं वाजवलं की झेपलिन म्हणजे स्टेअरवे असंच होऊन बसलं. तर २००२ च्या सुमारास हा प्लांट अमेरिकेत गाडीतून चाललेला असताना पोर्टलंडचं एक रेडिओ स्टेशन लागलं. श्रोत्यांच्या वर्गणीवर चालणारं. निवेदक सांगत होता की पैसे द्या, आम्ही स्टेअरवे पुन्हा कधीही वाजवणार नाही. प्लांटने वर्गणी दिली. स्वतःच! नंतर कोणी विचारलं तर म्हणे गाणं वाईट नाहीये, पण मी ते आधी ऐकलंय.

हा किस्सा लोक विनोद म्हणून सांगतात. मला तो विनोद वाटत नाही, किंवा नुसता विनोद वाटत नाही.

कारण त्याच्या आयुष्याचा हिशोब बघा. १९४८ चा जन्म, इंग्लंडच्या मिडलंड्समधला, कारखान्यांच्या धुराच्या पट्ट्यातला. बँड चालेनात म्हणून रस्त्यावर डांबर टाकायचं कामसुद्धा केलंय. १९६८ ला गिटारिस्ट जिमी पेज नव्या बँडसाठी, म्हणजे पुढच्या झेपलिनसाठी, गायक शोधत होता, त्याला हवा होता टेरी रीड, तो नाही म्हणाला आणि म्हणाला तिकडे एक पोरगा आहे तो बघ. पेजने त्या पोराला पहिल्यांदा ऐकलं ते वॉल्सॉलमधल्या शिक्षकांच्या ट्रेनिंग कॉलेजात, म्हणजे आपल्या भाषेत डी.एड. कॉलेजच्या कार्यक्रमात. वय वर्षं १९. आणि तिथून बारा वर्षं विमानं, स्टेडियमं, छाती उघडी, केस खांद्याखाली, आणि तो आवाज, जो गिटारच्या वर चढून बसायचा. त्या केसांपायी १९७२ मध्ये सिंगापूरने त्यांना आत येऊ दिलं नव्हतं, तिथे तेव्हा लांब केसांवर सरकारी राग होता.

त्याच वर्षी पेज आणि प्लांट मुंबईत आले होते हे आपल्याकडे फार कमी जणांना माहीत असतं. कुलाब्याला स्लिप डिस्क नावाचा क्लब होता तिथे हे दोघं जाऊन वाजवून आले, आणि इथल्या स्टुडिओत इथल्याच वादकांना घेऊन, सतार, सारंगी, तबला, व्हायोलिन्स असं सगळं, आपली दोन जुनी गाणी नव्याने रेकॉर्ड करून पाहिली. ते रेकॉर्डिंग पडून राहिलं, अधिकृतपणे बाहेर आलं ते थेट २०१५ ला. ऐकलंत तर कळेल की अजून शिजलेलं नाहीये ते, मंडळी एकमेकांना अंदाजाने धरतायत. पण मला ते फार महत्त्वाचं वाटतं, कारण पुढे हा माणूस जे जे करत गेला त्याची खोड इथेच दिसते. जगातला सगळ्यात मोठा रॉक बँड हाताशी असताना याला मुंबईच्या सारंगीवाल्याबरोबर काय होतं ते बघायचंय.

मग वाईट दिवस आले. ते मी पटकन सांगतो, त्यात रमण्यासारखं काही नाही. १९७५ ला ग्रीसच्या ऱ्होड्स बेटावर गाडीचा भयंकर अपघात, कित्येक महिने चालणं बंद. १९७७ ला अमेरिकेच्या दौऱ्यावर असताना फोन आला की पाच वर्षांचा मुलगा पोटाच्या इन्फेक्शनने गेला. दौरा तिथेच संपला. त्यानंतर याने गाणं सोडून शिक्षक व्हायचं ठरवलं होतं, ट्रेनिंगसाठी अर्जसुद्धा केला होता (डी.एड. कॉलेज पुन्हा एकदा!), त्याला परत खेचून आणला तो ड्रमर जॉन बॉनहॅमने, जुन्या मित्राने. आणि १९८० च्या सप्टेंबरमध्ये तो बॉनहॅमच गेला, दारू पिऊन झोपला तो उठला नाही. डिसेंबरमध्ये उरलेल्या तिघांनी जाहीर केलं की बॉनहॅमशिवाय आम्ही पुढे जाऊ शकत नाही.

प्लांट तेव्हा ३२ वर्षांचा होता. बत्तीस! आपल्याकडे त्या वयात लोक पहिल्या फ्लॅटचं लोन काढत असतात आणि याचं सगळ्यात मोठं काम मागे पडलेलं, निदान जगाच्या मते.

सोलो सुरुवात १९८२ ला, 'पिक्चर्स ॲट इलेव्हन'. ड्रम्सवर बहुतेक गाण्यांत फिल कॉलिन्स, तोही बँडमध्ये असताना नुकताच सोलो गायला लागलेला, त्यामुळे त्याला याची धाकधूक कळत असणार. पुढच्या वर्षी दुसरा अल्बम, आणि त्याच्या दौऱ्यात प्लांटने झेपलिनचं एकही गाणं म्हटलं नाही. म्हणजे कल्पना करा, तिकीट काढून आलेला अमेरिकन माणूस, लाडकं गाणं ऐकायला आलेला, आणि समोर सिंथेसायझर आणि छोटे केस. ऐंशीच्या दशकातला प्लांट मला सगळा आवडतो असं मी म्हणणार नाही, 'शेकन अँड स्टर्ड' मला अजून सलग ऐकवत नाही, ड्रमचा आवाज पत्र्यावर पडलेल्या गारांसारखा. पण त्यातला हट्ट आवडतो.

गंमत म्हणजे हट्ट मोडल्यावर काय होतं तेही त्याने पाहिलं. १९८५ चं लाइव्ह एड, दुष्काळग्रस्तांसाठीचा मोठा कार्यक्रम, फिलाडेल्फिया, झेपलिनचे उरलेले तिघं पुन्हा एकत्र, कॉलिन्स लंडनहून कॉन्कॉर्डने उडत आलेला, धड तालीम नाही, पेजची गिटार बेसूर, प्लांटचा घसा बसलेला. इतकं वाईट झालं की पुढे त्या कार्यक्रमाची डीव्हीडी आली त्यात आपला भाग घालू द्यायला हे लोक तयार झाले नाहीत.

इथे मला बालगंधर्व आठवतात, आणि मी काही ओढूनताणून जोडत नाहीये. वन्स मोअर ही चीज मराठी माणसाइतकी कुणाला कळणार, पदांना वन्स मोअर पडून पडून नाटक पहाटेपर्यंत चालायचं, आणि ते देण्यात नटालाही सुख होतंच की. पण त्याच वन्स मोअरची दुसरी बाजू अशी की १९३५ ला प्रभातच्या 'धर्मात्मा'मध्ये गंधर्व एकनाथ झाले, पुरुषाच्या भूमिकेत, आणि लोकांच्या डोळ्यांपुढची रुक्मिणी आणि भामिनी काही हलेना. नंतर वय झालं, शरीर साथ देईना, तरी शालू नेसून उभे राहायचे. आपण ते श्रद्धेने सांगतो, सांगावंच, पण मला ते वाचताना दर वेळी प्रेक्षकांचा थोडा रागही येतो.

प्लांटने तो शालू वेळेत उतरवला, एवढंच. म्हणजे फेकून नाही दिला. १९९४ मध्ये तो आणि पेज एकत्र आले तर जुनी गाणी घेतली, पण ती घेऊन गेले मोरोक्कोत मराकेशला, मग इजिप्तच्या वादकांचा ताफा घेतला, आणि एका गाण्यात नजमा अख्तर ही भारतीय वंशाची ब्रिटिश गायिका. मुंबईत जी दोन गाणी अर्धी कच्ची राहिली होती तीच दोन्ही इथे पुन्हा आली, २२ वर्षांनी, आणि या वेळी नीट शिजलेली. मी तर म्हणेन की झेपलिनच्या मूळ रेकॉर्डपेक्षा भारी, पण यावर माझी मित्रांशी भांडणं झालेली आहेत तर जाऊ दे. २००३ च्या जानेवारीत मालीमध्ये, टिंबक्टूच्याही पलीकडे वाळवंटात एसाकेनला एक फेस्टिव्हल होता तिथे जाऊन गायला. पन्नाशी उलटलेला माणूस, घरी बसून रॉयल्टी मोजायची सोडून.

आणि मग २००७. इथे खरी परीक्षा होती. ऑक्टोबरमध्ये त्याचा ॲलिसन क्रॉसबरोबरचा 'रेझिंग सँड' आला. क्रॉस म्हणजे ब्लूग्रासवाली, म्हणजे अमेरिकेतल्या गावाकडच्या संगीतातली, फिडल वाजवणारी, गळा अगदी पातळ रेशमी. प्लांटने उभ्या आयुष्यात दुसऱ्या गायकाच्या सुराला सूर लावून असं शिस्तीत गायलेलं नव्हतं, तो एकटा पुढे, दर वेळी मनाला येईल तसं वेगळं म्हणणार, आणि इथे बाई सांगतेय की काल म्हटलंस तसंच म्हण म्हणजे मला धरता येईल. साठीच्या तोंडावर तो ते शिकला. टी बोन बर्नेट प्रोड्यूसर, गाणी बहुतेक दुसऱ्यांची जुनी, आणि आवाज इतका खाली आणलेला की पहिल्यांदा ऐकताना वाटतं हा तोच का.

दोन महिन्यांत, १० डिसेंबरला, लंडनच्या ओ-टू मध्ये झेपलिन पुन्हा एका रात्रीसाठी, बॉनहॅमचा मुलगा जेसन ड्रम्सवर. तिकिटांसाठी तब्बल दोन कोटी लोकांनी नावं दिल्याचं तेव्हा सांगितलं गेलं, जागा वीस हजाराच्या आत. काही गाणी खालच्या पट्टीत घेतली होती, साहजिक आहे, विशीतला गळा साठीत कुठून आणणार, पण कार्यक्रम झाला जबरदस्त. झालं, सगळ्या जगाने वन्स मोअर मागितला. पेज तयार, बेसवाला जॉन पॉल जोन्स तयार, पेपरात रकमा छापून येतायत. आणि हा क्रॉसबरोबर दौऱ्यावर निघून गेला, जिथे झेपलिनचं 'ब्लॅक डॉग' बँजोवर, संथ, जवळजवळ कुजबुजत व्हायचं. बाकीच्यांनी दुसरे गायकसुद्धा ट्राय केले, जमलं नाही. २००९ च्या ग्रॅमीत 'रेझिंग सँड'ला अल्बम ऑफ द इयर धरून पाच बक्षिसं मिळाली. झेपलिन चालू असताना त्यांना एकही ग्रॅमी मिळालेलं नव्हतं, हे आपलं जाता जाता.

लोक याला गर्विष्ठ म्हणतात. म्हणजे पेजला बिचाऱ्याला लटकवून ठेवलं वगैरे. त्यात थोडं तथ्य असेलही, चौघांचं काम एकाच्या नाहीमुळे बंद पडलं हे खरंच आहे, आणि पैशाची चणचण नसली की तत्त्वं पाळायला सोपं जातं हेही खरं. पण ज्या बँडच्या नावाबरोबर मित्र आणि मुलगा दोघंही जोडलेले आहेत त्यात रोज संध्याकाळी आठ वाजता शिरायचं, तेही हसत हसत, हे आपण तिकीट काढून मागतो तेव्हा नक्की काय मागतो?

बरं, माणूस एकसुरी तत्त्वनिष्ठही नाही. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये ऑक्सफर्डशरला कॅन्सरग्रस्तांच्या मदतीसाठी एक छोटा कार्यक्रम होता, ड्युरान ड्युरान या बँडचा माजी गिटारिस्ट अँडी टेलर, जो स्वतः कॅन्सरशी झगडत होता, त्याने बोलावलेलं. एका देणगीदाराने म्हणे अट घातली की स्टेअरवे गाणार असशील तर मोठी रक्कम देतो. गायला की. १६ वर्षांनी पहिल्यांदा. ऑनलाइन क्लिप आहे, मजेत, पिसासारखा हलका गातोय. एकदा न वाजवण्यासाठी पैसे दिले आणि एकदा गाण्यासाठी मिळवून दिले, फिटंफाट.

आता तो सेव्हिंग ग्रेस नावाच्या बँडबरोबर गातो, घराजवळच्या भागातली वादक मंडळी, सुझी डायन नावाची गायिका शेजारी, जुनी लोकगीतं, ब्लूज, गॉस्पेल, सुरुवातीला तर गाजावाजा न करता छोट्या छोट्या हॉलमधून वाजवायचे. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये त्यांचा अल्बम आला तेव्हा हा ७७ वर्षांचा. अर्धा वेळ तर पुढे तीच गाते आणि हा मागून साथ देतो. ज्यांना ऐकायला सुरुवात करायचीय त्यांनी माझं ऐकाल तर स्टेअरवेपासून करू नका, ते कुठेतरी कानावर पडेलच, 'रेझिंग सँड' लावा, हेडफोनवर, आणि आवडलं तर मग १९९३ चा 'फेट ऑफ नेशन्स', ज्याच्याबद्दल कोणी फारसं बोलत नाही आणि ज्यात त्या गेलेल्या मुलासाठीचं एक गाणं आहे. कोणतं ते सांगत नाही, कळेल. मावशीला मी परवा पेनड्राइव्हमध्ये भरून दिलंय, तिचं म्हणणं असं की पोरगी चांगली गाते, म्हातारा जरा नाकात आहे.