कंबर परत परत का धरते?

आमच्या इकडं कापूस वेचणी सुरू झाली की घरोघरी एकच ऐकू येतं, कंबर गेली. मग कुणीतरी लगेच सांगतं मणक्यात गॅप आलाय, बेल्ट लावा, इंजेक्शन घ्या, थोडे दिवस बरं वाटतं अन् दुखणं परत हजर. दुखतं कधी आणि कशानं थांबतं हे कुणी विचारतच नाही, अन् खरं उत्तर बहुतेक वेळा तिथंच असतं.

वेचणाऱ्या बाईकडं बघा. कमरेला ओटी बांधलेली, ती भरत जाईल तसं वजन पुढं ओढतं, पाठीचे स्नायू दिवसभर ताणलेले, वर घरी येऊन पाण्याचे हंडे. असलं दुखणं जास्त करून स्नायूंचं, काही आठवड्यांत उतरतं, पण उद्या काम तेच म्हणल्यावर परत येणारच ना. ऊसतोडीत मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढायचं, तिथं मणक्यातली गादी सरकून नस दबू शकते, बहुतेक अगदी खालच्या मणक्यांपाशी, मग कळ कुल्ल्यातून पोटरीपर्यंत जाते, शिंकलं तरी.

विशी-तिशीतल्या पोराची कंबर सकाळी तासभर आखडलेली आणि हिंडल्यावर मोकळी होत असेल तर ते वेगळंच, सांध्यांची सूज, अँकिलोजिंग स्पॉन्डिलायटिस असू शकतो. हा आजार लोक वर्षानुवर्षं अंगावर काढतात, संधिवाताच्या डॉक्टरला दाखवाच. म्हाताऱ्या माणसाचे चालताना पाय भरून येतात अन् वाकून बसलं की बरं वाटतं, तर मणक्यातली नसांची वाट अरुंद झालेली असू शकते. उन्हाळ्यात पाणी कमी पिऊन मुतखडा झाला तरी लोक कंबरच म्हणतात, पण ती कळ कुशीतून जांघेकडं उतरते अन् कसंही झोपलं तरी चैन पडत नाही.

बायकांचं मात्र मला फार लागतं. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या कमी वयात काढल्याच्या बातम्या देशभर गाजल्या. पिशवीसोबत अंडाशयही काढलं की हाडं वेळेआधीच ठिसूळ व्हायला लागतात, नंतर ती बाई कंबर दुखते म्हणाली की कामानं दुखत असेल म्हणून सोडून देतात, हाडांची तपासणी कुणी सांगत नाही. सांगायला पाहिजे.

एमआरआयच्या रिपोर्टला लगेच घाबरू नका, काही दुखत नसलेल्या माणसांतही गादी थोडी बाहेर आलेली दिसते, चाळिशीनंतर तर सर्रास. अन् अंथरुणाला खिळून राहू नका, झेपेल तेवढं हिंडत राहा. पण बारीक ताप, वजन उतरणं, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं असलं तर मणक्याचा टीबी बघून घ्या. आणि लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, जांघेत बधिर झालं, पाऊल उचलेना, तर सकाळची वाट बघू नका, तशीच गाडी करून जिल्ह्याच्या दवाखान्यात न्या.