आमची वाटचाल : लेसर, मोहावे आणि ते चार दिवस

2012 ला टेक्सासमधल्या आर्लिंग्टनच्या रेप्टाइल शोमधे (सापांचं प्रदर्शन आणि विक्री) बॉल पायथन या छोट्या अजगराचा एक मोहावे नर घेतला तिथून आमचं सापांच्या पैदाशीचं सुरू झालं. मोहावे आणि लेसर (lesser) हे त्यांचे जन्मजात रंगप्रकार. पैसे निम्मे माझे, निम्मे एका पार्टनरचे, शोमधलं विक्रीचं टेबलही अर्धं-अर्धं. आई तेव्हा इकडे आलेली, दोन दिवस बोलली नाही, मग नागपंचमीला गराजमधे सापांच्या टबांच्या रॅकसमोर हळदकुंकू ठेवून गेली. पुढची सात-आठ वर्षं काय सांगायची, उंदीर, पाणी, टब धुणं, वजनं लिहिणं. मधे पार्टनर वेगळा झाला.

15 फेब्रुवारी 2021, लाईट गेले. दुसऱ्या दिवशी पहाटे डॅलसला उणे 19 सेल्सियस. रॅकची सगळी ऊब हीट टेपवर (विजेवर तापणारी पट्टी), ती बंद म्हणजे टब थंडच. आणि अकरा माद्या अंड्यावर आलेल्या, प्रत्येक मादी 1500 ग्रॅमच्या वर नेण्यात तीन वर्षं गेलेली. मी आणि बायकोने घरातले होते नव्हते तेवढे उशांचे अभ्रे काढले, एका अभ्र्यात एक साप, अभ्र्याच्या तोंडाला गाठ, मार्करने नंबर, आणि पिकनिकच्या आइसबॉक्समधे गरम पाण्याच्या बाटल्या टॉवेलात गुंडाळून मधे मधे ठेवल्या. बाटल्या तासात गार व्हायच्या.

आमचं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे शाळेत सायन्स शिकवणाऱ्या एक बाई, 2013 ला पहिलं मोहावे पिल्लू त्यांनीच नेलेलं. त्यांचं घर हॉस्पिटलच्या लाईनवर, तिथे वीज होती. फोन केला तर त्या म्हणाल्या सगळे घेऊन या. बर्फावरून बारा मैल जायला दीड तास लागला. चार दिवस आमचे चाळीस साप त्यांच्या हॉलमधे होते, रात्री उठून त्याच पाणी बदलायच्या. हे मी विसरणार नाही.

तरी तीन माद्यांना श्वासाचा त्रास झालाच, तोंडाला फेस, घरघर, एक गेली. मी लगेच विक्री थांबवली आणि सगळ्यांना खरं कारण सांगितलं. तर ज्याच्याबरोबर टेबल शेअर केलं त्याच जुन्या पार्टनरने पुढच्या शोमधे गिऱ्हाइकांना सांगितलं की यांच्या खोलीत निडोव्हायरस (अजगरांच्या श्वासाचा संसर्गजन्य रोग) आहे, माल घेऊ नका. मी प्रत्येक सापाचा स्वॅब लॅबला पाठवला, सगळे निगेटिव्ह, रिपोर्ट लॅमिनेट करून टेबलावर ठेवला, तरी लोक लांबूनच वळायचे. वर्ष गेलं त्यात. आजही तो समोर दिसला की मी बोलत नाही.

नवीन लोकांनो, नर घ्यायच्या आधी जनरेटर घ्या. नवा साप 90 दिवस वेगळ्या खोलीत ठेवा. आणि पांढरं पिल्लू हवं म्हणून लेसरला लेसर लावू नका, पिल्लांचे डोळे बटबटीत निघू शकतात, मोहावेला मोहावे लावलं तर डोक्यावर राखाडी झाक राहते. लेसर-मोहावे लावा, दर अंड्याला चारात एक चान्स, पण निघतं ते स्वच्छ.

त्या वर्षी बऱ्याच माद्यांनी नुसते स्लग (न फळलेली अंडी) दिले. एका लेसर-मोहावे जोडीची सहा अंडी, दोन स्लग, चार चांगली. 57 व्या दिवशी इन्क्युबेटर उघडला तर एका अंड्याला चीर आणि चिरेत गुलाबीसर पांढरं नाक, श्वास घेतला की कवचावर छोटा बुडबुडा यायचा. दुपारी डोकं बाहेर आलं, डोळे निळे. हिने बाईंना व्हिडिओ कॉल लावला, त्या वर्गात होत्या, अख्ख्या वर्गाने पाहिलं.

ते पांढरं पिल्लू मादी निघालं, आता 1800 ग्रॅम आहे. गेल्या हिवाळ्यात तिला क्लाऊन नर लावला (क्लाऊन म्हणजे वेगळ्या नक्षीचा प्रकार, आई-बाप दोघांकडून आला तरच दिसतो). पांढऱ्या मादीचं मोठेपण हे की एकही पिल्लू साधं निघत नाही, अर्धी लेसर, अर्धी मोहावे, आणि क्लाऊन सगळ्यांच्या पोटात लपलेला. सात पिल्लं निघाली, त्यातल्या तीन माद्या ठेवल्यात. त्या मोठ्या झाल्या की परत क्लाऊनला लावणार, मोहावे क्लाऊन आमच्याच घरातलं हवंय. त्यातलं पहिलं बाईंना द्यायचं ठरलंय, पैसे घेणार नाही.