नवजात बाळाची सेंट्रल लाइन आणि सोनोग्राफी : माझा अनुभव

इंदूरमधील एका रुग्णालयाच्या नवजात अतिदक्षता विभागात मी काम करते. सोनोग्राफीच्या साह्याने नवजात बाळाला सेंट्रल लाइन, म्हणजे मानेजवळच्या मोठ्या शिरेतून हृदयाजवळ नेलेली बारीक नळी, घालायला मी येथेच शिकले, आणि शिकताना माझे असे ठाम मत झाले की सुई टोचणे हा या प्रक्रियेचा सर्वांत छोटा भाग आहे. आधी नीट पाहणे आणि नंतर पडताळून घेणे, यावरच बाळाची सुरक्षितता अवलंबून असते.

बहुतेक बाळांना याची गरज पडत नाही. पहिल्या काही दिवसांत नाळेतील शीर वापरता येते आणि त्यानंतर हातापायाच्या शिरेतून पिक लाइन नावाची बारीक नळी पुढे मोठ्या शिरेपर्यंत सरकवता येते. परंतु ज्या बाळाविषयी मी लिहीत आहे, त्याच्या आतड्याची शस्त्रक्रिया झाली होती, वजन दोन किलोंच्या आत होते, नाळेतील लाइन काढावी लागली होती आणि हातापायांवर वापरण्याजोगी शीर उरली नव्हती. दूध बरेच दिवस देता येणार नसल्याने सारे पोषण शिरेवाटेच द्यायचे होते. त्यातील डेक्स्ट्रोज (साखर) 12.5 टक्क्यांच्या वर गेले की हातापायाच्या शिरेला ते सोसत नाही; शीर सुजते, आणि द्रव बाहेर झिरपला तर कातडीला जखम होते.

शिकण्यासाठी आम्ही इंदूरच्या सियागंज बाजारातून अगर-अगर (जेलीसारखा गोठणारा पदार्थ) आणून त्याच्या वड्या पाडल्या होत्या. त्यात रंगीत पाणी भरलेल्या बारीक नळ्या पुरल्या आणि पडद्यावर खऱ्या ऊतीसारखी रवाळ प्रतिमा यावी म्हणून इसबगोल मिसळला. त्या वड्यांवर हात बसवताना मुख्य धडा मिळाला तो असा, की पडद्यावर चमकणारा ठिपका हे सुईचे टोक आहे की तिचा मधलाच भाग आहे, याची खात्री होईपर्यंत सुई पुढे ढकलायची नाही.

बाळाची आजी बाहेर बाकावर बसून होती. ‘‘अहो डॉक्टर, मान एवढीशी, तिथे कशी सुई घालणार? हातालाच बघा ना अजून एकदा,’’ असे ती म्हणाली. मी तिच्याजवळ बसून सांगितले, ‘‘आजी, हाताच्या शिरा आता उरल्या नाहीत. ही शीर मोठी आहे, आणि आम्ही अंदाजाने टोचणार नाही, ती पडद्यावर पाहत पाहतच सुई नेणार आहोत.’’ फुप्फुसाभोवती हवा शिरणे, धमनीला सुई लागणे, जंतुसंसर्ग आणि गुठळी हे धोके बाळाच्या वडिलांना एकेक करून समजावले आणि मगच संमतीपत्रावर सही घेतली. या बोलण्याला लागणारा वेळ मी कधीही वाया गेलेला मानत नाही.

हातमोजे घालण्यापूर्वीच दोन्ही बाजूंच्या शिरा पाहून घेतल्या. प्रोबने, म्हणजे सोनोग्राफी यंत्राच्या अंगावर टेकवायच्या भागाने, हलके दाबल्यावर शीर मिटते, धमनी मात्र ठोके देत राहते. मानेतील इंटर्नल ज्युग्युलर शीर बाळाच्या प्रत्येक श्वासासरशी चपटी होत होती. याउलट गळपट्टीच्या हाडामागची डावी ब्रॅकिओसेफॅलिक शीर लांबलचक, उघडी आणि साधारण 3.5 मिलिमीटर रुंद दिसली. कॅथेटरने, म्हणजे शिरेत ठेवायच्या नळीने, शिरेच्या रुंदीचा एक तृतीयांशाहून अधिक भाग व्यापू नये, असा आमचा संकेत आहे. 3 फ्रेंचचा (फ्रेंच हे नळीच्या जाडीचे माप) कॅथेटर 1 मिलिमीटर जाडीचा असल्याने तो येथे बसत होता.

बाळ वॉर्मरवर, खांद्यांखाली छोटी गुंडाळी, वेदनाशामक दिलेले, सिस्टरची नजर तापमानावर आणि मॉनिटरवर. कारण निर्जंतुक कापडाखाली इवलेसे शरीर फार लवकर थंड पडते. निर्जंतुक आवरणातला छोटा प्रोब मी गळपट्टीच्या हाडावर टेकवला, शीर लांबीत दिसू लागली आणि तिच्याखाली फुप्फुसाच्या आवरणाची हलणारी पांढरी रेघही दिसली. सुई त्या रेघेपासून दूर ठेवत, तिची पूर्ण लांबी पडद्यावर राखत मी पुढे नेली. शिरेची वरची भिंत आधी आत दबली, मग एकदम सुटली आणि टोक आत दिसले. पुढची रीत स्वीडिश रेडिओलॉजिस्ट सेल्डिंगर यांनी 1953 मध्ये मांडलेलीच आहे : सुईतून गाइडवायर (वाट दाखवणारी बारीक तार) आणि वायरवरून कॅथेटर.

येथे हुश्श करण्याचा मोह होतो, तो टाळला पाहिजे. वायर आत असतानाच ती शिरेतून हृदयाच्या दिशेने गेली आहे, वर मानेत वळलेली नाही, हे आम्ही पाहिले. थोडे सलाइन सोडताच उजव्या कर्णिकेत त्याची खळबळ लगेच उमटली. टोक वरच्या महाशिरेच्या आणि कर्णिकेच्या संगमाशी हवे. ते हृदयात खोल राहिले तर हृदयाभोवती द्रव साचण्याचा जीवघेणा धोका असतो. दोन्ही फुप्फुसे श्वासाबरोबर सरकत असल्याचेही पाहिले आणि शेवटी एक्स-रे काढला.

त्याच संध्याकाळी पोषण सुरू झाले. पुढे रोजच्या राउंडला ‘ही लाइन आजही हवी आहे का’ हा प्रश्न मी विचारत राहिले, कारण लाइन जितकी अधिक काळ राहते तितकी जंतुसंसर्गाची शक्यता वाढते. दूध पचू लागल्यावर आम्ही ती काढली आणि शिरेत गुठळी राहिलेली नाही ना, हे पुन्हा प्रोब ठेवून पाहिले.